खऱ्या गुन्ह्यावर कमी खर्चात चित्रपट करताना : निकालपत्रापासून प्रमाणपत्रापर्यंत

१२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनिक व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याचा खून करण्यात आला. त्याच्यासोबत असलेली मुमताज बेगम ही इंदूर दरबारातून निघून गेलेली नर्तकी होती. तपासाचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले आणि १९२६ मध्ये तिसऱ्या तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. या प्रकरणावर बेतलेला ‘कुलीन कांता’ हा मूकपट कोहिनूर कंपनीने होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनाखाली १९२५ मध्येच काढला. म्हणजे ताज्या गुन्ह्यावर झटपट चित्रपट काढण्याची आपल्याकडची रीत शंभर वर्षांची आहे आणि तिच्या आरंभीच इंदूरचे नाव आहे.

आज इंदुरात रामबागेपासून सुदामानगरपर्यंत नाटकात काम करणारी, एखादा चांगला कॅमेरा हाताशी असलेली आणि दोन-चार लाख रुपये उभे करू शकणारी मराठी मुले-मुली अशा चित्रपटाच्या तयारीत दिसतात. त्यांच्या संहिता वाचताना आणि तयार झालेले चित्रपट पाहताना तेच ते दोष पुन्हापुन्हा समोर येतात. खुनाचा प्रसंग लांबलचक असतो, मेलेल्या माणसाच्या आयुष्याविषयी मात्र काहीच कळत नाही. पोलीस अधिकारी एका नजरेत गुन्हेगार ओळखतो, न्यायालय पाच मिनिटांत उरकते आणि शेवटी काळ्या पडद्यावर शिक्षेची एक ओळ येते. या सगळ्याचे खापर पैशाच्या टंचाईवर फोडले जाते, आणि ते मला मुळीच पटत नाही. या चित्रपटांत जे नसते, ते बहुतेक सारे स्वस्त असते. निकालपत्र वाचायला, साक्षीदाराची उलटतपासणी समजून घ्यायला किंवा घरातली भाषा नीट ऐकायला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. जो थोडा पैसा असतो, तो नकली रक्त, ड्रोन आणि धावपळीच्या दृश्यांत संपून जातो. म्हणून पुढील मार्गदर्शनात कागदपत्रे आणि लेखन यांना सर्वाधिक जागा दिली आहे.

पहिली पायरी : प्रकरणाची निवड

निवडलेल्या प्रकरणाचा अंतिम निकाल लागला आहे की नाही, हे सर्वांत आधी तपासावे. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली म्हणजे प्रकरण संपले असे नसते. उच्च न्यायालयात अपील चालू असू शकते आणि तेथे आरोपी निर्दोषही सुटू शकतो. खटला चालू असताना आरोपीला दोषी ठरवून दाखवणारा चित्रपट न्यायालयीन स्थगितीला आमंत्रण देतो. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरील ‘ब्लॅक फ्रायडे’चे प्रदर्शन मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच कारणाने रोखले होते आणि तो चित्रपट २००७ मध्ये चित्रपटगृहांत आला. मोठी निर्मिती संस्था अशी दोन वर्षे कशीबशी काढू शकते, पण उसनवारीवर चित्रपट करणाऱ्याचे त्यात कंबरडे मोडते. याउलट पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर बेतलेला ‘माफीचा साक्षीदार’ १९८६ मध्ये आला, तोवर चारही दोषींना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी होऊन गेली होती. प्रकरण कायद्याच्या दृष्टीने पूर्ण मिटलेले होते.

लैंगिक अत्याचाराची किंवा लहान मुलांची प्रकरणे पहिल्या चित्रपटासाठी घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार अशा पीडितेची ओळख उघड करणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचे (बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या कायद्याचे) कलम २३ व बाल न्याय कायद्याचे कलम ७४ लागू होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निपुण सक्सेना प्रकरणात हे संरक्षण मृत पीडितेलाही दिले आहे. नुसते नाव बदलून भागत नाही. शाळा, गल्ली, वडिलांचा व्यवसाय आणि तारीख यांवरून शेजाऱ्यांना ओळख पटत असेल, तर ओळख उघड झालीच.

दुसरी पायरी : कागद मिळवणे आणि वाचणे

आपल्याकडच्या बहुतेक संहिता वृत्तपत्रांच्या कात्रणांवरून लिहिल्या जातात आणि त्यांचा मूळ दोष तेथेच असतो. गुन्ह्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या बातम्या म्हणजे पोलिसांनी पत्रकारांना सांगितलेली हकिकत असते. ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य त्या बातमीत हमखास असते. प्रत्यक्षात पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून ग्राह्य नसते. पूर्वीच्या पुरावा कायद्याचे कलम २५ हेच सांगत होते आणि आजच्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम २३ तेच सांगते. ज्या चित्रपटाचा कळसाध्याय पोलीस कोठडीतली कबुली आहे, तो न्यायालयात न टिकणाऱ्या गोष्टीवर उभा आहे, हे लेखकाला निदान ठाऊक असायला हवे.

निकालपत्रे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने, प्रकरण क्रमांकाने किंवा एफआयआरच्या क्रमांकाने शोधता येतात. अपील झाले असल्यास मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाचा निकाल त्या न्यायालयाच्या संकेतस्थळावर पाहावा. जुन्या प्रकरणांसाठी जिल्हा न्यायालयाच्या नकल विभागात, म्हणजे कागदपत्रांच्या प्रती देणाऱ्या विभागात, अर्ज करावा. तिऱ्हाईत व्यक्तीला त्या अर्जात कारण द्यावे लागते आणि परवानगी घ्यावी लागते. त्यामुळे एखाद्या फौजदारी वकिलाला सुरुवातीपासून सोबत घेणे शहाणपणाचे असते. संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेला आहे, त्यामुळे अलीकडच्या प्रकरणांत तीही मिळू शकते.

ठाण्याची आणि जिल्हा न्यायालयाची कागदपत्रे बहुधा हिंदीत असतात आणि त्यांची स्वतःची एक बोली असते. अनैसर्गिक मृत्यूची पहिली नोंद म्हणजे ‘मर्ग’, गुन्हा नोंदवणे म्हणजे ‘कायमी’, तक्रार देणारा तो ‘फरियादी’, आरोपपत्र ते ‘चालान’. निकालात ‘अ. सा. ४’ असे दिसले की तो अभियोजन पक्षाचा चौथा साक्षीदार असतो, ‘प्र. पी. ७’ म्हणजे त्या पक्षाने दाखल केलेला सातवा दस्तऐवज, आणि ‘पक्षद्रोही’ म्हणजे फितूर झालेला साक्षीदार. एका वहीत प्रत्येक साक्षीदारासाठी एक पान ठेवावे. त्यावर तो सरतपासणीत, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या पक्षाच्या वकिलाला उत्तर देताना, काय म्हणाला, उलटतपासणीत काय कबूल केले आणि न्यायाधीशांनी त्याच्यावर विश्वास ठेवला की नाही व का, हे तीन भागांत लिहावे. पंधरा साक्षीदारांची अशी पंधरा पाने झाली की चित्रपटाचा आराखडा जवळजवळ तयार झालेला असतो. कारण ज्या जागी दोन साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत, नेमकी तीच जागा नाट्याची असते.

या वहीला कायद्याचाही आधार आहे. १९९४ मध्ये तमिळनाडूतील ऑटो शंकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की न्यायालयाच्या अभिलेखासह सार्वजनिक अभिलेखांवर आधारलेले लेखन प्रसिद्ध करण्यास संमती लागत नाही. मात्र अभिलेखाबाहेरचे खासगी आयुष्य, म्हणजे विवाह, कुटुंब, आजार, संबंध, यांना हे लागू होत नाही. म्हणून संहितेतल्या प्रत्येक प्रसंगासमोर समासात त्याचा उगम लिहावा : अमुक साक्ष, अमुक परिच्छेद, मुलाखत, किंवा कल्पना. पुढे वकील, प्रमाणन मंडळ किंवा ओटीटी कंपनी यांपैकी कुणीही विचारले, तर हाच समास उपयोगी पडतो.

तिसरी पायरी : माणसांना भेटणे

मृताच्या कुटुंबाला चित्रीकरण सुरू होण्यापूर्वी भेटावे आणि ओळखीच्या कुणालातरी मध्यस्थ घालून भेटावे. इंदूरचा मराठी समाज एवढा मोठा नाही की ओळख निघणार नाही. पहिल्या भेटीत ध्वनिमुद्रण करू नये. कुटुंबाने नकार दिला, तर अभिलेखापलीकडचे काहीही वापरू नये. नावे, घर आणि व्यवसाय बदलावेत आणि तरीही मन खात असेल तर ते प्रकरण सोडून द्यावे. कायद्याच्या पलीकडे जाऊन ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण चित्रपट चालो वा न चालो, त्या घरातली माणसे त्याच रस्त्यावर आपल्याला पुन्हा भेटणार असतात.

कायदाही येथे गप्प नाही. न्याय संहितेच्या कलम ३५६ च्या पहिल्या स्पष्टीकरणाप्रमाणे मृत व्यक्तीवरील आरोप तिच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला असेल, तर तीही बदनामी ठरू शकते. ज्याच्यावर चित्रपट आहे ती व्यक्ती हयात असेल, तर धोका अधिक. ग्वाल्हेरच्या तुरुंगात अनेक वर्षे काढून १९९४ मध्ये सुटलेल्या फूलनदेवीने त्याच वर्षीच्या ‘बँडिट क्वीन’विरुद्ध स्वतः दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली होती. निर्दोष सुटलेल्या आरोपीला सूचकपणेही दोषी दाखवू नये. असे चित्रपट सर्रास निघतात आणि मला तो सरळसरळ अन्याय वाटतो.

चौथी पायरी : संहिता

प्रथम दृष्टिकोन ठरवावा. कमी खर्चात एकाच व्यक्तीच्या मागे राहणे सोयीचे असते आणि ती व्यक्ती पोलीस अधिकारी नसावी. साक्षीदार, पंच, सरकारी वकिलाचा कारकून, मृताचा भाऊ, आरोपीची आई अशा माणसांच्या वाट्याला प्रकरणाचा एक-एक तुकडाच येतो. त्यामुळे न दाखवलेल्या गोष्टी उणीव म्हणून खुपत नाहीत.

एक कल्पित प्रकरण घेऊ. सराफ्यातल्या एका दुकानाचे हिशेबनीस रात्री घरी परतताना लुटीत मारले जातात. जप्ती पत्रकात एक ओळ आहे : ‘एक स्टीलचा तीन पुडांचा जेवणाचा डबा, झाकण दबलेले’. सामान्य संहिता अंधारी गल्ली, चाकू आणि किंकाळी लिहील. त्याऐवजी तीन वर्षांनंतरची न्यायालयाची खोली लिहून पाहावी. शिपाई लाखेची मोहर लावलेले कापडी पुडके टेबलावर ठेवतो, सरकारी वकील मोहर दाखवून ते उघडतात आणि डबा बाहेर येतो. साक्षीच्या पिंजऱ्यात उभी असलेली पत्नी तो हातात घेते, झाकण नेहमीच्या सवयीने उलटे फिरवून पाहते आणि ‘हा त्यांचाच’ म्हणते. मग बचावाचे वकील उठतात आणि विचारतात, ‘ऐसे टिफिन तो बाजार में बहुत मिलते हैं?’ तिला ‘जी, मिलते हैं’ म्हणावेच लागते. न्यायाधीश ते उत्तर लिहून घ्यायला सांगतात, टंकलेखकाची बोटे चालतात आणि डबा पुन्हा पुडक्यात जातो. या प्रसंगाला एक खोली, सहा कलावंत आणि एक डबा लागतो, आणि खून न दाखवताही त्या घराचे काय झाले ते प्रेक्षकाला कळते. हे उत्तर चतुराईने लिहिलेले नाही. मालाच्या ओळखीच्या उलटतपासणीत हा प्रश्न नेहमी विचारला जातो. अभिलेख वाचणाऱ्यालाच तो सापडतो.

संवादांविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. इंदूरच्या मराठी घरात जे बोलले जाते, ते पुण्याचे मराठी नाही. हिंदी शब्द आणि हिंदी वळणे त्यात सहज मिसळतात, आणि ठाण्यात किंवा न्यायालयात गेल्यावर तीच माणसे पूर्णपणे हिंदी बोलतात. पात्रांनी ठाण्यातही शुद्ध मराठी बोलावे असा आग्रह धरला, की चित्रपट पहिल्याच प्रसंगात खोटा पडतो. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि पडद्यावर दोन्हींची उपशीर्षके, हीच सरळ वाट आहे. येथे ठाणेप्रमुखाला महाराष्ट्रासारखे कुणी ‘पीआय’ (पोलीस इन्स्पेक्टर) म्हणत नाही, ‘टीआय साहेब’ (टाउन इन्स्पेक्टर) म्हणतात. काका-काकू, भाऊ, वहिनी ही संबोधने त्या-त्या घरात कशी वापरली जातात, ते कान देऊन ऐकावे आणि नटांनाही त्या घरांत नेऊन बसवावे. आपल्याकडचे बहुतेक चांगले नट रंगमंचावरचे असतात. त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची सवय असते, म्हणून कॅमेऱ्यापुढे खालच्या पट्टीत बोलण्याच्या तालमी स्वतंत्रपणे घ्याव्यात.

पाचवी पायरी : तपशिलांची पडताळणी

या पायरीवर पैसा खर्च होत नाही आणि तरीही सर्वाधिक चुका येथेच होतात. भारतीय न्यायाधीश लाकडी हातोडा आपटत नाहीत. साक्षीदार गीतेवर हात ठेवत नाही. १९६९ च्या शपथ कायद्यानुसार तो ईश्वरसाक्ष शपथ घेतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो. अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. व्हिसेऱ्याचा, म्हणजे शवविच्छेदनात राखून ठेवलेल्या अवयवांच्या तपासणीचा, अहवाल दुसऱ्या दिवशी टेबलावर येत नाही. नमुने सागरच्या राज्य न्यायवैद्यक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी जातात आणि महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. ही वाट पाहणे हाच एखाद्या चांगल्या प्रसंगाचा विषय होऊ शकतो.

काळाची पडताळणी वेगळी करावी. १ जुलै २०२४ पूर्वीच्या खुनाला भारतीय दंड संहितेचे कलम ३०२ लागते आणि त्यानंतरच्या खुनाला न्याय संहितेचे कलम १०३. २०१५ सालच्या कथेत कुणी १०३ म्हटले, तर ती ढोबळ चूक आहे. इंदुरात पोलीस आयुक्तालय डिसेंबर २०२१ मध्ये आले, त्यामुळे त्याआधीच्या कथेत ‘पोलीस आयुक्त’ असू शकत नाहीत. भारतात मोबाइल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली आणि सामान्यांच्या खिशात फोन यायला त्यानंतरही बरीच वर्षे लागली. उपनिरीक्षकाच्या खांद्यावर दोन तारे, निरीक्षकाच्या तीन. जुन्या काळाची कथा असेल आणि रस्ता तसा उभा करणे परवडत नसेल, तर बाहेरची दृश्ये काढून टाकावीत. आजच्या गाड्या दिसणाऱ्या रस्त्यावर १९७६ साल सांगण्यापेक्षा बंद खोली कितीतरी बरी.

सहावी पायरी : चित्रीकरण

खर्चाचा क्रम माझ्या मते असा असावा : आधी ध्वनी, मग नट, मग प्रकाश आणि शेवटी कॅमेरा. प्रेक्षक थोडे धूसर चित्र चालवून घेतो, पण ऐकू न येणारा संवाद चालवून घेत नाही. बूम (लांब दांडीवर धरलेला) आणि लेपल (कपड्याला लावलेला) माइक दोन्ही लावावेत आणि प्रत्येक खोलीची शांतता अर्धा-एक मिनिट वेगळी मुद्रित करावी, कारण संकलनात संवादांमधली भेग तिनेच भरता येते. इंदुरात सकाळी कचरागाडी गाणे वाजवत गल्लीत येते. तिची वेळ आधी विचारून घ्यावी. सराफ्यात खाण्याची दुकाने रात्री उशिरापर्यंत गजबजलेली असतात, त्यामुळे तेथे संवाद मुद्रित करण्याचा नाद सोडावा आणि केवळ दृश्ये घ्यावीत.

सार्वजनिक ठिकाणांसाठी मध्य प्रदेश पर्यटन मंडळाच्या एक-खिडकी व्यवस्थेतून परवानगी घ्यावी आणि संबंधित ठाण्याला लेखी कळवावे. नकली पिस्तूल आणि गणवेश यांची यादी त्या पत्रासोबत जोडावी. गणवेशातल्या नटाला चहासाठीही चित्रीकरणाच्या जागेबाहेर पाठवू नये. एकूण रकमेचा दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी बाजूला ठेवावा.

सातवी पायरी : संकलन आणि प्रमाणपत्र

संकलनात खुनाचा प्रसंग निम्म्यावर आणावा आणि मग तो काढून टाकला तर काय बिघडते ते पाहावे. दुःखाच्या प्रसंगात व्हायोलिन आणि खुनाच्या प्रसंगात ढोल घालण्याचा मोह टाळावा. पत्नीने डबा हातात घेतला असताना खोलीतल्या पंख्याचा आवाज पुरेसा असतो. आरंभीच्या निवेदनात ‘सत्य घटनेवर आधारित’ आणि ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही दोन्ही वाक्ये एकत्र लिहू नयेत, कारण ती एकमेकांना खोडून काढतात. कोणत्या निकालावर कथा आधारलेली आहे, काय बदलले आहे आणि कोणती पात्रे कल्पित आहेत, हे चार स्वच्छ वाक्यांत सांगावे.

चित्रपटगृहात दाखवायचे असल्यास केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाकडे अर्ज करावा लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या) वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे झाले आहेत आणि प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत राहिलेली नाही. धूम्रपानाचे दृश्य असेल, तर आरंभी व मध्यंतरानंतर आरोग्यविषयक संदेश आणि दृश्याच्या वेळी पडद्यावर इशारा द्यावा लागतो. कथेला गरज नसेल तर सिगारेटच काढून टाकणे सोपे. ओटीटीसाठी मंडळाचे प्रमाणपत्र लागत नाही, मात्र २०२१ च्या नियमांनुसार तो मंच स्वतः वयोगट ठरवतो आणि बहुधा उगमाच्या नोंदी व वकिलाचे मत मागतो. दुसऱ्या पायरीतला समास तेव्हा जसाच्या तसा देता येतो.

मृताच्या कुटुंबाला आणि वकिलांना चित्रपट एकदा पूर्ण दाखवावा, शक्यतो त्यांच्या घरी किंवा लहान खोलीत, बाहेरच्या कुणालाही न बोलावता. त्यांनी सांगितलेली वस्तुस्थितीची चूक बिनतक्रार दुरुस्त करावी. मताचा मतभेद असेल तर तो ऐकून घ्यावा आणि निर्णय आपण घ्यावा. हा खेळ ध्वनिमिश्रणाच्या आधीच ठेवावा, कारण मिश्रण झाल्यावर एक वाक्य बदलायचे म्हटले तरी स्टुडिओचे भाडे पुन्हा भरावे लागते, आणि प्रमाणपत्र मिळाल्यानंतर केलेला बदल मंडळाला कळवून मान्य करून घ्यावा लागतो.